नाव न घेणाऱ्या बायांचा वर्ग

त्या हिवाळ्यात टेगन आमच्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा होत्या, एक चित्रांचं पुस्तक होतं, आणि शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर अजिबात नव्हता. हे तिने आल्या दिवशीच सांगून टाकलं. आमचं रशियन मोडकं, तिचं त्याहून मोडकं. पण हातवाऱ्यांनी भर घालत ती सांगत गेली. कुठल्याशा समुद्राकाठच्या गावात तळलेल्या माशांच्या दुकानात ती काम करायची. एका मंडळाने विचारलं, दूर देशी जाऊन इंग्रजी शिकवशील का? ती हो म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही नीट माहीत नसावं. माझ्या सासूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हिला मासे येतात." मग पाहुणीचा पियाला भरायला मला डोळ्यांनी खुणावलं.

सासूला आम्ही एने म्हणतो. एनेच्या डोळ्यांची भाषा मला लग्नाच्या पहिल्याच वर्षात पाठ झाली होती.

इंग्रजी गावालाच हवं होतं. सोव्हिएत गेलं, मेंढ्यांचा सरकारी फार्म गेला, आणि उन्हाळ्यात सरोवराकडून वरच्या कुरणांत परदेशी पाहुणे येऊ लागले. आमच्या लोकरी तंबूत ते उतरत. आम्ही त्यांना साय वाढायचो, जॅम वाढायचो, कणकेचे तळलेले बोरसोक समोर ओतायचो, आणि हसायचो. हसण्यापलीकडे बोलणं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एक पाहुणी तापाने फणफणली आणि बाई, तुला दुखतंय कुठं, एवढंही आम्हाला विचारता आलं नाही. तेव्हा गावाने ठरवलं, सुनांना शिकवायचं. पाहुण्यांचं करायचं ते सुनांनीच करायचं ना.

मला मात्र पाहुण्यांचं तेवढं अप्रूप नव्हतं. मला बसायचं होतं. सून घरात बसते, नाही असं नाही. पण दाराजवळ, चहाच्या सामोवारच्या कुशीत, एक गुडघा उभा ठेवून. कुणाचा पियाला रिकामा दिसला की हात आपोआप पुढे जावा, अशी. शाळेतल्या बाकावर मी पहिल्या दिवशी बसले, पाठ मागे टेकली, आणि समोर फळ्याशी दुसरंच कुणी उभं होतं. तो तास संपूच नये असं वाटलं.

तो तास राहील की जाईल, ते रायखानच्या हातात होतं. ती मंडळाची, काराकोल शहरातली बाई. कितीतरी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली, ताठ मानेची, फरच्या टोपीतली. टेगनला सोडायला आली तेव्हाच आम्हा सगळ्यांसमोर तिने सांगितलं होतं की नव्या वर्षाच्या आधी ती परत येईल, मागे बसून एक तास बघेल. जमत असेल तर मुलगी उन्हाळ्यापर्यंत राहील. जमत नसेल तर तिला घरी पाठवणार, आणि तुमच्या गावाला दुसरं कुणी मिळेल याची खात्री नाही.

शाळेत कोळसा येत नव्हता. आम्ही सुना कोटाच्या आत गोवऱ्या दडवून न्यायचो, प्रत्येकीने आपापल्या वाटणीच्या, आणि लोखंडी शेगडी पेटली की वर्ग सुरू व्हायचा. सुना एकट्या कशा पाठवायच्या, म्हणून एनेही यायची. सगळ्यात मागच्या बाकावर टकळी फिरवत बसायची. तिला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं. ती आमच्यावर डोळा ठेवायला होती, आणि शेगडीवर हात शेकायला.

पहिल्या तासाला टेगनचे हात इतके कापत होते की खडू मोडला. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली. आम्हाला सांगितलेलं होतं, बाई म्हणेल ते मागून म्हणायचं. आम्ही सगळ्या मोठ्याने तेच म्हणालो. टेगनचे कान लाल झाले. तो शब्द कसला होता ते मला पुढे कितीतरी वर्षांनी एका पाहुण्याकडून कळलं. आमच्यातल्या अनारकुलला तर तो इतका आवडला होता की आडमुठी गाय हाकताना ती तोच वापरायची.

तरी दिवस बरे चालले होते. रंग झाले, आकडे झाले, दार, खिडकी, खुर्ची झाली. टेगन रोज संध्याकाळी चित्रांच्या पुस्तकातलं पुढचं पान बघायची आणि परीक्षेला बसल्यासारखी घोकायची. तिचं पुटपुटणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एने म्हणायची, "शिकवते कोण आणि शिकते कोण, काही कळेना."

मग पुस्तकात घरच्यांचं पान आलं.

टेगनने फळ्यावर मोठं झाड काढलं. फांद्यांवर चौकोन. एका चौकोनात बापाचं नाव लिहिलं, वरच्यात आजोबांचं, आणि ती नावं अशी मोकळी घेतली जणू शेजारच्या कोकरांची. मग माझ्याकडे वळली. मी तिच्या घरची, म्हणून आधी मला. तुझ्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव काय?

मागच्या बाकावर टकळी थांबली.

मी उभी राहिले आणि पायांकडे बघत राहिले. सासऱ्यांचं नाव सून घेत नाही. दिराचं घेत नाही, नवऱ्याचंही घेत नाही. सासरच्या थोरांची नावं आपल्या तोंडी यायची नाहीत, हे काही मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. माहेरून निघताना बाया गातात त्यातच ते असतं:

उंबऱ्याशी वाक बाई, उंबऱ्याशी वाक,
ओठावर आलं नाव, पोटामधे राख.

आता हे इंग्रजीत कसं सांगू? आणि एनेसमोर? टेगनला वाटलं मला प्रश्न समजला नाही. तिने तो सावकाश विचारला. मग मोठ्याने विचारला. मग हातांनी दाढी काढून दाखवली. तिची धडपड बघवेना, तशी अनारकुल धावून आली. रशियन वाचायला शिकलो त्या जुन्या पुस्तकातला पोरगा तिला आठवला असावा. ती उठली आणि म्हणाली, "इव्हान."

टेगनचा चेहरा उजळला. तिने फळ्यावर लिहिलं. पुढचीला विचारलं. पुढचीने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाली, इव्हान. तिच्या पुढचीही म्हणाली, इव्हान. नुरझात, जिचं लग्न त्याच शरदात झालं होतं आणि जिने वर्गात आजवर तोंड उघडलं नव्हतं, तीसुद्धा डोक्यावरच्या रुमालाआडून म्हणाली, इव्हान. शेवटी माझी पाळी पुन्हा आली. मी तरी दुसरं काय म्हणणार?

झाडाला इव्हानच इव्हान लागले. आणि तेव्हा अनारकुलला हसू फुटलं. ते बाईला नव्हतं हो. खाली लोंबणाऱ्या मिशांचा तिचा सासरा इव्हान झाला, त्याचं होतं. पण हसू एकीचं राहतं होय? सगळा वर्ग हसायला लागला, एनेनेसुद्धा तोंडावर रुमाल धरला. टेगन आधी आमच्याबरोबर हसली. मग तिचं हसू विझत गेलं. मान लाल झाली. तिने झाड पुसून टाकलं, आज पुरे म्हणाली, आणि टोपी न घालताच बर्फात निघून गेली.

दुपारी ती चहाला आली नाही. एने म्हणाली, जा, बघ. मी तिची विसरलेली टोपी घेऊन गेले तर बॅग पलंगावर उघडी आणि तिच्यात कपडे पडलेले. टेगन भराभर बोलू लागली. मला त्यातले मोजके शब्द लागले: बाई नाही. हसता. घरी. ते पुरेसे होते. मी खरी शिक्षिका नाही हे तुम्ही ओळखलंत, म्हणून मला हसता. रायखान येण्याआधी मीच जाते.

माझ्याजवळ काय होतं? रंग, आकडे, दार, खिडकी, खुर्ची. एवढ्या सामानात अख्खं सासर कसं मांडायचं? मी तिचा हात धरला आणि मोठ्या खोलीत आणलं. खुंटीवर सासऱ्यांची उंच पांढरी टोपी होती. मी बोट दाखवलं.

"टोपी," ती नाक पुसत इंग्रजीत म्हणाली.

"मोठी टोपी," मी म्हटलं. "पांढरी टोपी." मग खिडकीतून मेंढ्यांना गवत टाकणारे सासरे दाखवले. "हा मोठी पांढरी टोपी." रुमालाचं टोक ओठांवर धरलं आणि मान हलवली. "नाव, नाही. मी, नाही." चुलीशी बसलेल्या एनेकडे बोट केलं. "ती, नाही."

टेगन बघत राहिली. खुंटीकडे, खिडकीकडे, माझ्या तोंडावरल्या रुमालाकडे. मग हळूच म्हणाली, "अनारकुल?"

"नाही."

"नुरझात?"

"नाही."

"आणि इव्हान?"

"इव्हान," मी म्हटलं, "नाही." आमच्या गावात इव्हान नावाचा माणूसच नव्हता.

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली, मग पुन्हा हसू लागली. एने चुलीशेजारून ओरडली की तिला म्हणावं काय रडायचं ते रड, पण उंबऱ्यावरून ऊठ. मी तिला उठवलं. तिने बॅगेतून पांघरायची शाल तेवढी बाहेर काढली. बाकीचे कपडे आतच राहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गात यायला तिला धीर लागला असणार. तिने पुन्हा तेच झाड काढलं, चौकोन रिकामे ठेवले, आणि खडू टेबलावर ठेवून आमच्याकडे बघत उभी राहिली. मी बाकीच्यांना सांगितलं की बाईला कळलंय, ती रागावलेली नाही. तेव्हा अनारकुलने एक नवाच मुद्दा काढला. तिचं म्हणणं, आपल्या भाषेत नाव घ्यायचं नाही हे ठीक, पण इंग्रजीत घेतलं तर काय बिघडतं? इंग्रजीत तो माझा सासरा थोडाच आहे. दोघी-तिघींनी माना डोलवल्या. मग सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

एनेने दोरा टकळीला गुंडाळला. मग म्हणाली, "माझ्या सासऱ्याला इंग्रजी येत नव्हतं गं. पण आपलं नाव कुणी घेतलं तर त्याला ऐकू आलं असतं की."

मुद्दा तिथं संपला. पण मी उठले. कालचीच युक्ती हाताशी होती. मी टेगनच्या झाडाशी गेले, वरच्या चौकोनात टोपी काढली, आणि म्हटलं की माझ्या नवऱ्याचे वडील, मोठी पांढरी टोपी. टेगनने टोपीखाली ते शब्द लिहिले. आणि धरण फुटलं. कारण नाव घ्यायचं नाही, पण हाक तर मारावी लागते, म्हणून आमच्यातल्या प्रत्येकीने सासरच्या प्रत्येक थोराला आपलं आपलं नाव ठेवलेलं असतं. अनारकुलचा सासरा दाराशी खाकरून आत येतो, तर तो दाराशी खाकरणारा. टेगनला खाकरून दाखवावं लागलं, मग सगळ्या खाकरल्या. कुणाचा दीर पांढऱ्या घोड्याचा धनी, कुणाची थोरली जाऊ जाडी भाकर. नुरझात पुढे आली, फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिच्या थोरल्या दिराचं नाव तिने हातांनी सांगितलं: दोन्ही तळवे जोडून, हळूहळू उघडत. लहान पाखरू. दिसायला धिप्पाड माणूस, पण लेकी झोपल्या असल्या की चवड्यांवर चालतो.

टेगनने त्या दिवसापासून चित्रांचं पुस्तक बंद केलं. आम्हाला जे सांगायचं असेल त्याचे शब्द ती द्यायची. घोडा आला म्हणजे खोगीर आलं, पडणं आलं, दुखणं आलं. भाकर आली म्हणजे पीठ आणि आग आली. पहाट आली, झोप आली, धार काढणं आलं. तिचे हात कापायचे थांबले. कधी तिलाच शब्द सुचायचा नाही. मग ती खरं सांगून टाकायची की आमच्याकडे हे नसतं, तुम्हीच काहीतरी ठेवा. भिंतीपलीकडचं पुटपुटणं चालूच होतं, फक्त आता ती आमचे शब्द घोकत होती.

आणि एक दिवस रायखान आली. फरची टोपी न काढताच ती मागे एनेच्या शेजारी बसली. टेगनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला, पण तास तिने नेहमीसारखाच सुरू केला. थोडा वेळ ऐकून रायखान उठली आणि पुढे आली. तिने अनारकुलला इंग्रजीत विचारलं, तुझ्या सासऱ्याचं नाव काय?

अनारकुल टेचात म्हणाली, "त्यांचं नाव दाराशी खाकरणारे. ते येतात, आम्ही उठतो."

रायखानने नुरझातला विचारलं. नुरझातने मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून सांगितलं, "लहान पाखरू."

रायखानच्या कपाळावर आठी पडली. आम्हाला आपल्या भाषेत म्हणाली की उद्या परदेशी माणूस विचारेल आणि तुम्ही त्याला पाखरं सांगणार का. शहरात हे असलं कुणी पाळत नाही. ती स्वतः कचेरीच्या कागदांवर रोज सगळ्यांची नावं लिहिते. मग टेगनकडे वळून इंग्रजीत काही बोलली. ते फार भराभर होतं, पण "पुस्तक" कळलं, आणि "चूक" कळलं.

टेगनने खडू उचलला आणि रायखानसमोर धरला. प्रश्न आम्हाला विचारायची तसाच, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा: "तुमच्या नवऱ्याच्या वडिलांचं नाव काय?"

रायखान हसली. खडू घेतला. झाडाकडे वळली. "त्यांचं नाव," ती म्हणाली, आणि थांबली.

मागे एनेने मान वळवली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. मुद्दाम. मोठं माणूस बघत नसलं तर पोरीला नाव घेता येईल, म्हणून. तरी रायखानला ते घेता येईना. खडू फळ्यावर टेकलेला, आणि ओठ उघडून मिटलेले.

मग ती इंग्रजीतच बोलली, आमच्याकडे पाठ करून. "त्यांचं नाव पहाटे उठणारे." फरची टोपी तिने काढून हातात घेतली. "मी नवी सून. खूप झोप यायची. ते पहाटे उठायचे, आग पेटवायचे, चहा ठेवायचे. आणि परत झोपायचे. मी झोपलेली." तिने टोपीवरून हात फिरवला. "यंदा शरदात गेले."

आमच्यातली प्रत्येक जण कधी ना कधी अंधारात, थंडीत, सगळ्यांच्या आधी उठली होती. अनारकुलने नाक ओढलं. नुरझातच्या गालावरून पाणी आलं. रायखान वळली, एकेकीकडे बघत गेली, आणि तिच्या ध्यानात काहीतरी आलं. आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलं? सगळं?"

आम्ही माना हलवल्या. कळलं होतं. पहाट कळली, आग कळली, झोप कळली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. जिला इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं ती एने, टकळी मांडीवर ठेवून, इंग्रजीत विचारत होती, "सासू? माहीत?"

रायखान डोळे पुसत हसली. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

तासाच्या शेवटापर्यंत ती बाकावर बसून राहिली, आमच्यातलीच एक होऊन. मग रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला, काराकोलला परत नेणारी मोटार होती, आणि एकच घाई झाली. एने तिच्या हातात गरम बोरसोकांची पुरचुंडी कोंबत होती, ड्रायव्हर ओरडत होता. टेगन फाटकाशी खांबाला धरून उभी होती. रायखान मोटारीत चढता चढता आपल्या भाषेत एनेशी काहीतरी बोलली, टेगनच्या पायांकडे हात केला, आणि दार लागलं. मोटार सरोवराच्या बाजूला वळली.

टेगनला एकही शब्द कळला नव्हता. तिने माझी बाही पकडली. काय म्हणाली? माझ्या पायांना काय झालं?

रायखान म्हणाली होती, एने, या पोरीला गावातून दणकट लोकरी बूट घेऊन द्या, असल्या पातळ जोड्यांत ही उन्हाळ्यापर्यंत कशी निभावेल. मी शब्द गोळा करू लागले. थंडीने ओठ वळत नव्हते.

"बूट," मी म्हटलं. "गरम बूट. मोठे."

"बूट?"

"उन्हाळा. तू. इथं."

तिचा हात माझ्या बाहीवर तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी चढत होतं आणि ते सांडू नये म्हणून ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. कळलं होतं तिला, मला दिसत होतं. तरी मान हलवून म्हणाली, "नाही, बेरमेत. पूर्ण वाक्य."

मी श्वास घेतला. आधी मनात एकदा जुळवलं, मग तिच्याकडे बघून, एकही शब्द न सांडता म्हणाले:

"तू उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरी राहणार आहेस."